गोबरगॅसच्या टाकीतली मोजदाद

गोबरगॅस असलेल्या घरात स्वयंपाकाला बसण्याआधी घरची बाई एकदा गोठ्याकडे नजर टाकते. लोखंडी टाकी शेणकाल्यातून वर उचललेली दिसली तर भाकरी, कालवण, दूध सगळे शेगडीवर होईल. टाकी खाली बसलेली दिसली तर चुलीला जळण घालावे लागेल. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात ज्यांच्या दारात अशी जुन्या पद्धतीची तरंगती टाकी आहे, त्यांना हे सांगावे लागत नाही. टाकीची उंची म्हणजे गॅसचा साठा, हा हिशेब तिथे लहान पोरालाही येतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकात याच हिशेबाला अॅव्होगाड्रोचा नियम म्हणतात. शाळेत तो एका ओळीत सांगून पुढे जातात. मला ते पटत नाही, कारण या नियमाच्या पोटात एक मोठी सोय आहे आणि तेवढाच मोठा धोकाही आहे.

आधी टाकी नीट बघू. विटांचा गोल हौद, त्यात शेण आणि पाणी कालवून केलेला पातळ काला, आणि त्यावर उपडी ठेवलेली लोखंडी टाकी. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने 1960 च्या दशकापासून हाच नमुना देशभर पोचवला. हवा नसलेल्या हौदात जिवाणू शेण कुजवतात, गॅसचे बुडबुडे वर येतात आणि टाकीच्या पोटात साठतात. टाकीला वर जाण्यास कुणाची आडकाठी नाही. तिच्या अंगावर बाहेरच्या हवेचा दाब आणि तिचे स्वतःचे वजन, एवढाच भार. हा भार सकाळ-संध्याकाळ बदलत नाही. त्यामुळे आतल्या गॅसचा दाब कायम राहतो, आणि जास्तीचा गॅस आला की टाकीला वर सरकण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. दुप्पट गॅस म्हणजे दुप्पट उंची. तापमान आणि दाब तेच असतील तर वायूचे आकारमान त्यातल्या रेणूंच्या संख्येच्या प्रमाणात असते, हा नियम शेतकऱ्याच्या अंगणात कसलेही उपकरण न लावता रोज डोळ्यांना दिसतो.

दाब कायम असण्याची अट मात्र विसरायची नाही. दिल्लीच्या अॅफप्रो या संस्थेने 1984 साली आणलेल्या ‘दीनबंधू’ नमुन्यात लोखंडी टाकीच नाही, विटांचा पक्का घुमट आहे. लोखंड गंजण्याचा त्रास आणि खर्च वाचला, म्हणून तो नमुना पुष्कळ ठिकाणी पसरला. पण घुमट वर-खाली होत नाही. गॅस वाढला की तो काल्याला बाहेरच्या कुंडीत ढकलतो आणि आतला दाब चढतो. तिथे साठा उंचीवरून कळत नाही. शेगडीची ज्योत सुरुवातीला जोरात आणि नंतर मंद होत जाते, त्यावरून अंदाज करावा लागतो. आणि स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये तर हेही चालत नाही. त्यात गॅस बहुतांशी द्रवरूपात असतो, आणि तळाशी थोडाही द्रव शिल्लक आहे तोवर त्याची वाफ होऊन दाब जवळपास तेवढाच राहतो. म्हणून सिलिंडर अर्धा झाला का, हे दाबावरून नव्हे तर वजनावरूनच समजते. साठा आकारमानावरून वाचण्याचे सुख फक्त तरंगत्या टाकीच्या मालकाला आहे.

आता थोडे आकडे मांडू, आणि ते कर्जतच्या हवेत मांडू. पाठ्यपुस्तक सांगते की शून्य अंश सेल्सिअसला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला कोणत्याही वायूचा एक मोल 22.4 लिटर जागा घेतो. मोल म्हणजे रेणूंची एक ठरलेली संख्या: 6.022 गुणिले दहाचा तेविसावा घात, आपल्या मोजणीत सुमारे 602 कोटी कोटी कोटी. पण कर्जतला शून्य अंश तापमान कधी नसते आणि कर्जत समुद्राकाठी नाही. भीमेच्या उत्तरेचे हे पठार समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे-साडेपाचशे मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे 94 टक्के भरतो. तापमान 30 अंश धरले तर एक मोल वायू इथे साडेसव्वीस लिटर जागा घेतो. मे महिन्यात 40 अंशांना तोच मोल सव्वासत्तावीस लिटरांच्या थोडा वर जातो, आणि डिसेंबरच्या पहाटे 12 अंशांना पंचवीस लिटरांच्या आत येतो. एकही रेणू कमी-जास्त न होता आकारमानात सुमारे नऊ टक्क्यांचा फरक पडतो.

रायगड जिल्ह्यातही एक कर्जत आहे, घाटाखालचे. तेवढ्याच तापमानाला तोच एक मोल तिथे पाचेक टक्के कमी जागेत मावेल, कारण तिथे डोक्यावर हवेचा थर जास्त आहे. दोन्ही कर्जतांत टाक्या सारख्याच भरल्या, तर खालच्या कर्जताच्या टाकीत रेणू थोडे जास्त असतील. म्हणूनच आकारमानाच्या कुठल्याही आकड्याला तापमान आणि दाब यांची जोड लागते, नाहीतर तो आकडा अर्धवट राहतो.

यात घरच्या उपयोगाची गोष्ट आहे. थंडीत गॅस कमी पडतो याचे मुख्य कारण जिवाणू मंदावतात हे आहे. पण थंडीच्या पहाटे टाकी आदल्या संध्याकाळपेक्षा थोडी खाली दिसली म्हणून लगेच गळती शोधायला लागू नये. आतला वायू थंडावून आकसलेला असतो. उलट दुपारी उन्हाने लोखंड तापले की नवा गॅस न येताही टाकी किंचित वर येते. शेणकाल्यामुळे आतला वायू बाहेरच्या हवेइतका तापत वा थंडावत नाही, तरी फरक पडतोच. साठ्याची नोंद ठेवायची असेल तर रोज ठरल्या वेळी, शक्यतो सूर्य उगवण्याच्या सुमारास ठेवावी.

दिवसाला दोन घनमीटर गॅस देणारे संयंत्र चार-पाच जनावरांच्या घराला साजेसे असते. त्याला रोज सुमारे 50 किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. टाकीचा व्यास सव्वा मीटर असेल तर ती एक सेंटिमीटर वर येण्यासाठी सव्वाबारा लिटर गॅस लागतो. कर्जतच्या हवेत हा जवळपास अर्धा मोल झाला. म्हणजे टाकी बोटाच्या पेरभर वर आली तर आत कोट्यवधी कोट्यवधी रेणूंची भर पडलेली असते. इतकी मोठी मोजदाद इतक्या साध्या खुणेवर वाचता येते, ही मला या नियमातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

ही गोष्ट माणसाला सहजी पटली नव्हती. 1808 साली फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक याने वायूंच्या संयोगांची मोजमापे मांडली. दोन आकारमान हायड्रोजन आणि एक आकारमान ऑक्सिजन यांचा संयोग झाला की बरोबर दोन आकारमान पाण्याची वाफ मिळते. गुणोत्तरे नेहमी लहान पूर्णांकांची येत होती. सारख्या आकारमानात सारखे कण असावेत, असा विचार कुणाच्याही मनात यावा. पण अणुसिद्धांताचा जनक जॉन डाल्टन याला ते मुळीच मान्य नव्हते, आणि त्याची हरकत वाजवी होती. एक आकारमान ऑक्सिजनमध्ये समजा शंभर कण आहेत. दोन आकारमान वाफेत मग दोनशे कण हवेत, आणि प्रत्येक कणात ऑक्सिजन हवाच. शंभरांतून दोनशेंना वाटा द्यायचा तर ऑक्सिजनचा प्रत्येक कण अर्धा करावा लागेल. अणू तर तुटत नाही, असा डाल्टनचा पाया. त्याने गे-ल्युसॅकची मोजमापेच कच्ची ठरवली.

1811 साली इटलीतल्या आमेदेओ अॅव्होगाड्रो याने ही गाठ सोडवली. तो शिक्षणाने वकील, पुढे पदार्थविज्ञानाकडे वळलेला. त्याने म्हटले, ऑक्सिजनचा कण म्हणजे एक अणू नव्हे, दोन अणूंची जोडी आहे. जोडी फुटते आणि तिचे दोन अणू वाफेच्या दोन रेणूंत जातात. अणूला हातही लावावा लागत नाही. आणि मग सारख्या तापमानाला व दाबाला सर्व वायूंच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी असते, हे सरळ धरता येते. एका निबंधात अणू आणि रेणू यांतला भेद आणि वायूंचा हा नियम, दोन्ही आले.

जवळपास पन्नास वर्षे कुणी फारसे लक्ष दिले नाही. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकमेकांना का चिकटतील, हे त्या काळच्या रसायनशास्त्राला समजत नव्हते. विद्युत आकर्षणाच्या तेव्हाच्या कल्पनेत सारखे सारख्याला दूर लोटते. 1856 साली अॅव्होगाड्रो वारला. त्यानंतर 1860 साली कार्ल्सरुहे येथे युरोपातले रसायनशास्त्रज्ञ जमले, तेव्हा त्याचाच देशबांधव स्टानिस्लाओ कॅनिझारो याने हा नियम पुन्हा मांडला आणि त्यावरून अणुभारांचा सगळा गोंधळ कसा निस्तरता येतो ते दाखवले. सभा संपताना त्याची पुस्तिका वाटली गेली, आणि पुढच्या काही वर्षांत रसायनशास्त्राचा हिशेब रुळावर आला. रेणूंची ती प्रचंड संख्या प्रत्यक्ष मोजण्याचे काम फ्रान्सच्या जाँ पेराँ याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केले आणि तिला अॅव्होगाड्रोचे नाव दिले. 20 मे 2019 पासून ही संख्या मोजायची राहिलेली नाही. ती व्याख्येनेच पक्की केली गेली आहे.

पण सारख्या आकारमानात सारखेच रेणू का? मिथेनचा रेणू हलका, 16 एककांचा. कार्बन डायऑक्साइडचा 44 एककांचा, जवळजवळ तिप्पट जड. मोठ्याला जास्त जागा नको का? द्रवात किंवा स्थायूत लागते, वायूत नाही, कारण वायूत रेणू एकमेकांपासून आपल्या अंगापेक्षा दहापट दूर असतात. वायूने व्यापलेली जागा जवळजवळ सगळी रिकामीच असते. रेहेकुरीच्या माळावर चार शेळ्या चरतात की चार म्हशी, याने माळ लहान-मोठा होत नाही, तसेच हे आहे. राहिला प्रश्न धक्क्यांचा, कारण टाकीला वर उचलून धरतात ते रेणूंचे धक्केच. 30 अंशांना मिथेनचे रेणू सेकंदाला सुमारे 690 मीटर वेगाने धावतात, कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 415 मीटरने. हलका जोरात, जड सावकाश. समान तापमान याचा अर्थच असा की दोघांची सरासरी गतिज ऊर्जा सारखी असते, म्हणून प्रत्येक रेणू दाबात सारखाच वाटा उचलतो. टाकीला आत कोण आहे ते कळत नाही, किती आहेत एवढेच कळते.

सोय आणि धोका, दोन्ही इथूनच निघतात.

सोय आधी. गोबरगॅसमध्ये साधारण 60 टक्के मिथेन आणि 40 टक्के कार्बन डायऑक्साइड धरू. ओलावा आणि इतर वायू थोडे असतात, ते सध्या बाजूला ठेवू. हे टक्के आकारमानाचे आहेत, म्हणजेच रेणूंच्या संख्येचे. दोन घनमीटर गॅस म्हणजे कर्जतच्या हवेत सुमारे 75 मोल. त्यात 45 मोल मिथेन, वजन 720 ग्रॅम. उरलेले 30 मोल कार्बन डायऑक्साइड, वजन 1320 ग्रॅम. संख्येने मिथेन जास्त, पण वजनाने जवळजवळ दोन तृतीयांश भाग न जळणाऱ्या वायूचा. दिवसभराच्या शेणातून चुलीला मिळते ती खरी ऊर्जा या पाऊण किलोच्या आतल्या मिथेनची. उष्णतेत तो साधारण तेवढ्याच एलपीजीला थोडा भारी पडतो. संयंत्र पूर्ण क्षमतेने चालले तर अठरा दिवसांच्या आसपास 14.2 किलोच्या एका सिलिंडरची भरपाई होते. कोरडवाहू तालुक्यात, जिथे जळणासाठी तुरीची काटकी आणि बाभळीच्या फांद्या वेचाव्या लागतात, तिथे हे थोडे नाही. शिवाय कुजलेला काला शेताला मिळतो तो वेगळाच.

मिथेन किती टक्के आहे हे तपासायलाही अॅव्होगाड्रोचा नियमच कामी येतो. शंभर मिलिलिटर गॅस कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाशी घुसळला की द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि मिथेनला हात लावत नाही. मागे 60 मिलिलिटर उरले तर मिथेन 60 टक्के. वजनकाटा लागत नाही, कारण आकारमान म्हणजेच संख्या. चुन्याची निवळी गढूळ होते ती त्याच कार्बन डायऑक्साइडने, पण निवळी फक्त ‘आहे’ एवढे सांगते, ‘किती’ ते आकसलेल्या आकारमानावरून कळते.

शेगडीचेही तसेच. मिथेनच्या एका रेणूला पूर्ण जळायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात, म्हणून एक लिटर मिथेनला दोन लिटर ऑक्सिजन. हवेत ऑक्सिजन 21 टक्के, तेव्हा साडेनऊ लिटर हवा. गोबरगॅसमध्ये मिथेन 60 टक्केच, म्हणून एक लिटर गोबरगॅसला पावणेसहा लिटर हवा पुरते. एलपीजीतल्या प्रोपेनला मात्र एका लिटरला जवळजवळ 24 लिटर आणि ब्युटेनला 31 लिटर हवा हवी. दोन्ही गॅस एकाच शेगडीवर नीट जळत नाहीत याचे कारण या हिशेबात आहे. एलपीजीच्या शेगडीचे जेट बारीक असते, गॅस थोडा आणि हवा भरपूर असा तिचा मेळ. तीच गोबरगॅसला जोडली तर ज्योत उचलली जाऊन विझते. म्हणून गोबरगॅसची शेगडी वेगळी घ्यावी लागते, तिच्या जेटचे भोक मोठे असते.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध जुना आहे. 1897 साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत मैल्यापासून गॅस करून दिवे लावले गेले. कोकणात कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी 1948 साली गोपुरी आश्रम उभा केला आणि मैला व शेण यांपासून खत आणि गॅस मिळवण्याच्या कामाला वाहून घेतले. अलीकडे पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने प्लॅस्टिकच्या दोन टाक्यांपैकी एकीत दुसरी उपडी घालून स्वयंपाकघरातल्या उष्ट्या-खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र तयार केले. त्याला 2006 साली लंडनचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. लोखंड जाऊन प्लॅस्टिक आले, शेण जाऊन शिळी भाकरी आली, तरी वर सरकणारी टाकी आणि तिच्यावरून होणारी मोजणी तीच राहिली.

आता धोका. टाकीला आत कोण आहे ते कळत नाही, असे वर म्हटले. हे वाक्य पेवाला लावून पाहा.

कर्जत-जामखेडचा पट्टा रब्बी ज्वारीचा. दुष्काळी मुलखात एका सुगीची ज्वारी दोन-तीन वर्षे पुरवायची असे, म्हणून जमिनीत पेव खणून त्यात धान्य भरत, वर पाचट-कडबा आणि माती लिंपून तोंड बंद करत. धान्य निर्जीव नसते. दाणा श्वास घेतो, दाण्यावरची बुरशीही घेते. दाण्यांच्या ढिगात सुमारे 40 टक्के जागा हवेची असते, त्या हवेतला ऑक्सिजन दिवसेंदिवस संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. किड्यांना जगता येत नाही, म्हणून पेवातली ज्वारी टिकते. जुन्या लोकांनी हे अनुभवाने साधले होते आणि ते कौतुकाचेच आहे.

पण या श्वसनात ऑक्सिजनच्या एका रेणूच्या जागी कार्बन डायऑक्साइडचा बरोबर एक रेणू येतो. संख्या बदलत नाही. संख्या बदलत नाही म्हणून आकारमान बदलत नाही, दाब वाढत नाही, लिंपण फुगत नाही. तोंड उघडताना फुसकारा येत नाही. गोबरगॅसच्या हौदात शेणापासून नवे रेणू जन्माला येतात, टाकी उचलली जाते, माणसाला कळते. पेवात तीच मोजदाद जिथल्या तिथे राहते आणि जगवणारी हवा मारणारी होऊन बसते. वासही नाही, रंगही नाही. एक बदल तेवढा होतो: सगळा ऑक्सिजन गेला तर ती हवा साध्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के जड होते, म्हणून पेव उघडले तरी ती आपसूक वर येऊन निघून जात नाही, खालीच बसून राहते. दहा टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. पेवात तो त्याच्या दुप्पट होऊ शकतो.

म्हणून पेव उघडले की लगेच उतरायचे नाही, तोंड मोकळे ठेवून वाट बघायची, मग दोरीने कंदील सोडून बघायचा, ज्योत विझली तर थांबायचे, अशी रीत होती. ती रीत रेणूंची ओळख पटवण्याची होती, कारण पेवाच्या अंगावर कुठलीच खूण उमटत नाही. आज पेवे बुजली, ज्वारी कोठीत आणि गोदामात गेली. रीतही विसरली गेली. धोका मात्र विहिरीत, शेणाच्या खड्ड्यात, मैल्याच्या टाकीत शिल्लक आहे.

एप्रिल 2024 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात, शेण साठवलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. जनावराच्या जिवासाठी आणि मग एकमेकांसाठी ही माणसे उतरली होती. त्यांच्यात धैर्य कमी नव्हते. अशा खड्ड्यात आत काय साठले आहे हे वरून दिसत नाही, एवढेच.

अशा खड्ड्यातल्या हवेचा हिशेब या लेखातल्याच नियमाने होतो. गोबरगॅस हलका असतो, वर उडून जातो, असे पुष्कळांना वाटते. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या मिश्रणात मिथेन 54 टक्क्यांहून जास्त असेल तरच ते हवेपेक्षा हलके असते. त्याच्या खाली आले की मिश्रण हवेपेक्षा जड होते आणि खड्ड्याच्या तळाशी पाण्यासारखे बसते. उघड्या, अर्धवट कुजणाऱ्या शेणात मिथेन कमी पडण्याचीच शक्यता जास्त. आणि याशिवाय हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. त्याचे हजारात एक एवढे प्रमाण दोन-चार श्वासांत माणसाला पाडायला पुरते. हजारात एक म्हणजे हजार रेणूंत एक रेणू. तीन मीटर रुंदीच्या विहिरीच्या तळाच्या दोन मीटर उंचीत चौदा हजार लिटर हवा मावते. त्याच्या हजारात एक म्हणजे चौदा लिटर, आणि तेवढ्यासाठी अवघा 18 ग्रॅम हायड्रोजन सल्फाइड लागतो. थोडा असताना त्याचा वास येतो. जास्त झाला की तो आधी नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि माणसाला वाटते वास गेला, हवा सुधारली. शेणकाला ढवळला की त्यात विरघळलेला वायू एकदम बाहेर पडतो, म्हणून काठीने ढवळून बघितले आणि काही झाले नाही, हाही भरवसा नाही.

पेवाची कंदिलाची रीत इथे चालवू नये. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन असेल तर ठिणगीने स्फोट होतो, आणि शेणाच्या खड्ड्यात मिथेन असतोच. शिवाय ज्योत फक्त ऑक्सिजनची कमतरता दाखवते. हायड्रोजन सल्फाइड मारण्याइतका असला तरी ज्योत नीट जळत राहते.

तेव्हा कर्जतच्या आणि एकूण जिल्ह्यातल्या शेतकरी भावा-बहिणींना एवढीच विनंती आहे. शेण साठवलेल्या विहिरीत, गोबरगॅसच्या हौदात किंवा मैल्याच्या टाकीत कुणीही, कितीही घाई असली तरी, तसेच उतरू नये. आत कुणी पडलेच तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. वरून दोर सोडावा, अग्निशमन दलाला बोलवावे, आणि श्वासाचा स्वतंत्र पुरवठा असलेल्या माणसालाच उतरू द्यावे. वापरात नसलेल्या विहिरीत शेण टाकण्याची सवय आजच सोडावी, आणि ज्या विहिरी तशा भरल्या आहेत त्यांची तोंडे पक्क्या जाळीने बंद करावीत.